हजची लस: दाखल्यापुरती की अंगी लागणारी?

दोन वर्षांपूर्वी अम्मीची उमराहची तयारी चालली होती. टूरवाल्याने कागदांची यादी हातात दिली. पासपोर्ट, फोटो, आणि शेवटी मेंदूज्वराच्या लशीचा दाखला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "याचं टेन्शन घेऊ नका. तेवढं आम्ही करून देतो, चाचींना दवाखान्यात यायचीही गरज नाही." अम्मीने विचारलं, "टोचल्याशिवाय?" तो हसला. "टोचायचं असेल तर टोचून घ्या. पण तिथे दंड कोण बघतंय, कागद बघतात."

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत थोड्याफार फरकाने हे संभाषण झालेलं असणार. आपण त्यावर चिडतही नाही, उलट एक हेलपाटा वाचला म्हणून बरं वाटतं. हजला हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी. त्यांचं प्रशिक्षण आणि लसीकरण जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिरात होतं, तिथे सुई खरोखरच दंडात जाते. पण कोणती लस टोचली, असं परत आलेल्या हाजीसाहेबांना विचारा. "हजची लस" एवढंच उत्तर मिळेल. हजची म्हणून वेगळी लस नसते. एकाच रोगाच्या, एकाच दाखल्याला चालणाऱ्या, पण शरीरात जाऊन अगदी निरनिराळं काम करणाऱ्या लशी असतात. हा फरक आपल्या लोकांना सांगितला जात नाही, म्हणून या वेळी संपादकीयाची जागा त्याला दिली आहे.

आधी रोगाबद्दल. 'मेंदूज्वर' हा शब्द आपण सैल वापरतो. डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वरही त्यातच मोडतो. इथे गोष्ट आहे ती मेंदू आणि मज्जारज्जूवरच्या आवरणाला होणाऱ्या दाहाची, आणि तो घडवणाऱ्या मेनिंगोकोकस नावाच्या जिवाणूची. हा जिवाणू आजाऱ्यांपेक्षा धडधाकट माणसांच्या नाका-घशातच जास्त सापडतो. एरवीच्या काळातही दहा प्रौढांमागे साधारण एकाच्या घशात तो मुक्कामाला असतो आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. थुंकीच्या तुषारांतून, जवळच्या वावरातून तो दुसऱ्याकडे जातो. क्वचित एखाद्याच्या रक्तात शिरतो आणि मग दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न होतो: ताप, मान आखडणं, उलट्या, उजेड सहन न होणं, अंगावर दाबूनही न पुसट होणारे लाल-जांभळे डाग. उपचार मिळूनही शंभरातले दहा ते पंधरा दगावतात. वाचलेल्यांपैकी पाचातल्या एकापर्यंत कुणाला बहिरेपण येतं, कुणाची बोटं किंवा पाय जातात. इलाजासाठी आपल्याकडे लोक मिरजेला धावतात, वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना काढला तेव्हापासूनची ती रीत आहे. पण या रोगात मिरजेला पोचेपर्यंतचा वेळही महाग पडू शकतो.

या जिवाणूचे काही गट आहेत. रोग करणारे मुख्य सहा: ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय. गट ठरतो तो त्याच्या अंगावरच्या आवरणावरून, आणि ते आवरण साखरेचं असतं. चहातली साखर नव्हे. साखरेसारख्या रेणूंच्या लांबच लांब माळा. प्रत्येक गटाची माळ वेगळी ओवलेली.

हजचा आणि या रोगाचा संबंध जुना आहे. १९८७ च्या हजमध्ये ए गटाची मोठी साथ आली. त्यानंतर सौदी सरकारने लस सक्तीची केली. ती ए आणि सी या दोन गटांवरची होती. पुढे २००० साली हजनंतर जगभरात ४०० हून जास्त रुग्ण आढळले, आणि या वेळी गट होता डब्ल्यू. लशीत डब्ल्यू नव्हताच, तेव्हा ती उपयोगी पडली नाही हे सरळ आहे. जास्त विचार करायला लावणारी गोष्ट पुढची. रुग्णांतले कितीतरी जण हजला गेलेच नव्हते. ते घरी राहिलेले होते. २००१ मध्ये सिंगापूरला परतलेल्या हाजींच्या घशांची तपासणी झाली तेव्हा शंभरातल्या पंधराएक जणांच्या घशात डब्ल्यू सापडला. त्यांना स्वतःला काहीही झालेलं नव्हतं. २००२ मध्ये बुर्किना फासोत याच गटाची साथ उसळली, जवळपास १३,००० रुग्ण झाले. त्याच वर्षापासून सौदीने ए, सी, डब्ल्यू आणि वाय अशा चारही गटांची लस सक्तीची केली.

आता आपल्याकडचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. हाजी परत येतात. मुंबईहून गाडी गल्लीत शिरते तेव्हा सगळा मोहल्ला दारात असतो. गळाभेटी, मुसाफा, झमझमचं पाणी, खजूर. सगळ्यात पुढे नातवंडं. आजोबा त्यांना उचलतात, मुके घेतात. ही आपली सुंदर चाल आहे आणि ती बंद करा असं कुणी म्हणणार नाही. पण आजोबांना टोचलेली लस फक्त आजोबांना वाचवते, की त्यांच्या घशातला जिवाणूही कमी करते, हा प्रश्न त्या नातवाच्या दृष्टीने फार मोठा आहे. आणि त्याचं उत्तर लशीच्या प्रकारावर अवलंबून आहे.

साधी, जुनी लस म्हणजे ती साखरेची माळ शुद्ध करून सुईत भरलेली. वैद्यकीय भाषेत पॉलिसॅकराइड लस. १९६९ मध्ये अमेरिकन लष्करातल्या रंगरुटांवर काम करताना गोल्डश्नायडर, गॉटश्लिश आणि आर्टेनस्टाइन यांनी दाखवलं की ज्यांच्या रक्तात या जिवाणूला मारणारी प्रतिपिंडं आधीपासून आहेत, त्यांना रोग होत नाही. प्रतिपिंड आवरणाला चिकटतं, मग रक्तातली 'पूरक' प्रथिनं तिथे गोळा होऊन जिवाणूच्या अंगाला भोकं पाडतात. मग ती प्रतिपिंडं लशीने तयार करावीत, एवढीच कल्पना. ती चालली, आणि प्रौढांत आजही चालते.

पण ही प्रतिपिंडं शरीर कसं तयार करतं ते पाहिलं की तिची मर्यादा कळते. प्रतिपिंडं बनवतात त्या बी पेशी. साखरेच्या माळेवर तोच तोच नमुना शेकडो वेळा येतो, त्यामुळे बी पेशीच्या अंगावरचे अनेक ग्राही एकदम ओढले जातात आणि ती दुसऱ्या कुणाला न विचारता कामाला लागते. एरवी तिला टी पेशींची संमती आणि मदत लागते. पण टी पेशींना फक्त प्रथिनांचे तुकडे ओळखता येतात. नुसती साखर त्यांच्यापुढे मांडताच येत नाही. म्हणजे सगळं काम त्यांच्या गैरहजेरीत उरकतं. परिणाम असा की प्रतिपिंडं येतात, बऱ्यापैकी येतात, पण त्यांत घाईघाईने बनणाऱ्या प्राथमिक जातीचा भरणा असतो. त्यांची पकड सुधारत नेणारी तालीम होत नाही. आठवण ठेवणाऱ्या पेशी जवळजवळ तयार होत नाहीत. तीन ते पाच वर्षांत पातळी उतरते. दोन वर्षांखालच्या मुलांत तर अशा साखरेला उत्तर देणारी यंत्रणाच कच्ची असते, म्हणून त्यांना ही लस फारशी लागू पडत नाही. आणि घशातला मुक्काम हलवण्यात ती कमी पडते.

आणखी एक गोष्ट आहे, जी माझ्यासारख्या 'जास्त डोस म्हणजे जास्त बळ' असं गृहीत धरणाऱ्याला अनपेक्षित होती. साखरेची लस पुन्हा टोचली तर, विशेषतः सी गटाच्या बाबतीत, दुसऱ्या वेळचा प्रतिसाद पहिल्यापेक्षा कमी येऊ शकतो. होत्या त्या बी पेशी कामाला लावून संपवल्या आणि नव्या राखीव ठेवल्या नाहीत, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. सौदी अरेबियातच, वारंवार लस घेतलेल्या लोकांवर झालेला असा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सी गटाबाबत ही घट दिसली, ए गटाबाबत दिसली नाही. आपल्याकडे आता दर दोन-तीन वर्षांनी उमराहला जाणारी कुटुंबं आहेत. त्यांनी हे वाचून ठेवावं.

दुसरा प्रकार संयुग्मित लशीचा, म्हणजे कॉन्ज्युगेट. त्यातली युक्ती जुनी आहे. एव्हरी आणि गोबेल यांनी १९२९ च्या सुमारास प्रयोगशाळेत दाखवलेली. साखर एकटी पाठवायची नाही, ती एखाद्या प्रथिनाला रासायनिक गाठीने बांधून पाठवायची. प्रथिन बहुधा ओळखीचं घेतात: धनुर्वाताचं किंवा घटसर्पाचं, विष काढलेलं. बी पेशी साखरेला पकडते आणि ओढून घेताना प्रथिनही सोबत गिळते. आत त्याचे तुकडे करून ते बाहेर मांडते. ते तुकडे ओळखणारी टी पेशी येते आणि मदत देते, प्रथिनाच्या नावाने, पण ज्या बी पेशीला ती मिळते ती साखर ओळखणारी असते. इथून पुढे सगळं बदलतं. लसिकाग्रंथीत खास केंद्रं उभी राहतात, बी पेशींच्या पिढ्यांमागून पिढ्या किंचित बदल करून आपली पकड तपासतात, ज्यांची पकड पक्की त्याच टिकतात. प्रतिपिंडं दीर्घकाळ टिकणाऱ्या जातीची होतात, स्मृतिपेशी राहतात, आणि तान्ह्या बाळातही हे सगळं घडतं. साखर मात्र कितीतरी कमी लागते: साध्या लशीत प्रत्येक गटाची ५० मायक्रोग्रॅम, तर संयुग्मित लशींत साधारण ४ ते १०.

घशातल्या मुक्कामावर तिचा काय परिणाम होतो ते ब्रिटनने दाखवलं. नोव्हेंबर १९९९ पासून तिथे सी गटाची संयुग्मित लस लहानांपासून तरुणांपर्यंत सर्वांना दिली गेली. वर्षभरात किशोरांच्या घशात सी सापडण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटलं, आणि लस न घेतलेल्यांतही रोग कमी झाला. म्हणजे नातवाच्या प्रश्नाचं उत्तर या लशीकडे आहे. पूर्ण नाही, सगळ्या गटांबाबत आणि सगळ्या वयांत हा परिणाम सारखा नसतो. पण साध्या लशीपेक्षा नक्कीच जास्त.

तरी तिची भलामण करताना एक गोष्ट लपवू नये. स्मृतिपेशी आहेत म्हणून जन्माची बेगमी झाली, असं होत नाही. स्मृतिपेशींना जागं होऊन पुरेशी प्रतिपिंडं बनवायला चार-पाच दिवस ते आठवडा लागतो. मेनिंगोकोकस एवढा थांबत नाही. संसर्गानंतर बहुधा तीन-चार दिवसांत तो आपलं काम करतो. ब्रिटनमध्ये तान्हेपणी डोस घेतलेल्या मुलांत स्मृती असूनही वर्षभरात संरक्षण घसरल्याचं दिसलं, म्हणून नंतर वर्धक मात्रा आली. रक्तात प्रतिपिंडं तयार हजर असावी लागतात. सौदीच्या नियमांतले आकडे यातूनच आलेले आहेत: पोचण्याआधी किमान दहा दिवस टोचलेली असावी, कारण प्रतिपिंडं वर यायला तेवढा वेळ लागतो, आणि दाखला साध्या लशीचा तीन वर्षं, संयुग्मित लशीचा पाच वर्षं चालतो. आपण हे आकडे व्हिसाच्या अटी म्हणून वाचतो.

बी गटाचं काय, असं कुणी विचारेल. हजच्या लशीत तो नाही, आणि त्याचं कारण मोठं मजेदार आहे. बी गटाच्या आवरणातली साखर आपल्याच मज्जापेशींवरच्या साखरेसारखी आहे. शरीर तिला परकं मानत नाही. मानायला लावलं तर स्वतःवरच उलटण्याची भीती. म्हणून रिनो रॅप्पुओली आणि सहकाऱ्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. २००० साली या जिवाणूचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला, तो संगणकावर चाळून पृष्ठभागावर येऊ शकतील अशी शेकडो प्रथिनं हेरली, आणि गाळत गाळत मोजकी उरली. माझा पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा असल्याने ही गोष्ट मला जास्त भावते, हे मान्य. ती लस २०१३ मध्ये युरोपात मंजूर झाली. ज्याला टोचली त्याला ती वाचवते. पण दक्षिण ऑस्ट्रेलियात हजारो विद्यार्थ्यांवर केलेल्या पाहणीत घशातला मुक्काम तिने कमी केलेला दिसला नाही.

या सगळ्या विज्ञानाचं एक टोक आपल्या अगदी जवळ आहे. साताऱ्याहून दोन-अडीच तासांवर, पुण्यात. १९९६-९७ मध्ये आफ्रिकेच्या मधल्या पट्ट्यात ए गटाच्या साथीने अडीच लाखांवर माणसं आजारी पडली, पंचवीस हजार मेली. संयुग्मित लस करणं श्रीमंत देशांतल्या कंपन्यांना परवडणारं वाटेना. तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' या संस्थेने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला सोबत घेतलं, आणि अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीची मेनआफ्रिव्हॅक तयार झाली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची सुरुवात झाली. तीस कोटींहून जास्त लोकांना ती टोचली गेली आणि त्या पट्ट्यातून ए गट जवळजवळ नाहीसा झाला. त्याच संस्थेच्या पाच गटांवरच्या मेनफाइव्ह लशीला जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती नायजेरियात पोचली. नायजेरिया, माली, बुर्किना फासो: बहुसंख्य किंवा मोठ्या संख्येने मुसलमान असलेले देश, आणि लस महाराष्ट्राच्या मातीतली. आपल्या जलशांत हे कुणी सांगत नाही.

घरातल्या मुलांसाठीही एक खुलासा. मेनिंगोकोकसची लस सरकारी नियमित लसीकरणात नाही. पण बाळांच्या मेंदूज्वराची दुसरी दोन मोठी कारणं, हिब आणि न्यूमोकोकस, यांच्यावरच्या लशी आहेत, आणि दोन्ही संयुग्मितच आहेत. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट, आणि सहा, चौदा आठवडे व नऊ महिन्यांची पीसीव्ही. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत गोवराने मुलं गेली, त्यातल्या बहुतेकांचे डोस राहिलेले होते. आशाताई दारात आल्या की "उद्या या" म्हणणारी घरं आपल्याकडेही आहेत.

हलाल-हरामचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण तो कुजबुजीत नेहमी असतो. प्रश्न खोटा नाही. काही लशींच्या निर्मितीत जिवाणू वाढवण्याच्या माध्यमात डुकरापासून काढलेलं विकर वापरलं जाई. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१० मध्ये हजच्या लशी एकेक तपासल्या, दोन हलाल ठरवल्या, एक नाकारली. आरडाओरड केली नाही, कारखान्याची प्रक्रिया पाहिली आणि आपल्या हाजींसाठी मान्य लस निवडली. १९९५ मध्ये कुवेतला भरलेल्या फिकह आणि वैद्यक परिषदेने, पदार्थाचं मूळ रूप पूर्ण बदललं असेल तर तो वापरता येतो, असं मत दिलं. आणि सौदी अरेबिया स्वतः लस सक्तीची करतो. शंका असणाऱ्याने लशीचं नाव घेऊन विचारावं. "लशीत काहीतरी असतं म्हणे" हा काही प्रश्न नव्हे. आपल्याकडे याचा दाखला सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. १८९७ मध्ये प्लेगमुळे मुंबईहून हजला जाणंच बंद झालं होतं. हाफकिनांनी प्लेगची लस काढली तेव्हा लोक घाबरत होते. तिसऱ्या आगाखानांनी स्वतः जाहीरपणे टोचून घेतलं, त्यांच्या पाठोपाठ हजारो खोजा पुढे आले.

२०२४ च्या वसंतात अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये उमराहशी संबंधित मेनिंगोकोकसचे १२ रुग्ण सापडले. दहा जण प्रवास करून आलेले, दोन जण नुसते त्यांच्या सहवासातले. दहा जणांत डब्ल्यू. ज्या नऊ जणांच्या लसीकरणाची माहिती मिळाली त्यांपैकी एकानेही लस घेतलेली नव्हती. त्यांच्यातल्या कुणी दाखला विकत घेतला होता का ते मला ठाऊक नाही. पण आमच्या टूरवाल्याचं वाक्य मला तेव्हा आठवलं.

तेव्हा मागणी सरळ आहे. सरकारने हाजींसाठी खरेदी करताना संयुग्मित लसच घ्यावी. आणि कोणतीही घेतली तरी शिबिरात तिचं नाव, प्रकार आणि बॅच क्रमांक फलकावर मराठी आणि उर्दूत लिहावा. शिबिरं उड्डाणाच्या तोंडावर नकोत, दहा दिवसांची मुदत त्यात बसली पाहिजे. बायकांसाठी आडोसा आणि परिचारिका असाव्यात. सातारा आणि सांगलीच्या जमातींनी हजच्या तरबियतीत मनासिक शिकवताना अर्धा तास यासाठी द्यावा, एखाद्या डॉक्टरला बोलवावं. न टोचता दाखला देणाऱ्या टूरवाल्यांची नावं मशिदीच्या ट्रस्टींना माहीत असतात. त्यांच्याकडे बुकिंग करू नका एवढं सांगायला फतवा लागत नाही.

अम्मीने संयुग्मित लस खासगी दवाखान्यात पैसे देऊन घेतली, निघायच्या तीन आठवडे आधी. दंड दोन दिवस दुखला. तिच्या कार्डावर लशीचं नाव आणि तारीख आहे, आणि पाच वर्षं कधी संपतात ते तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय, कारण तिला पुन्हा जायचं आहे.